आत्यांना समजेल असं

जुन्नरच्या रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात मला नऊ वर्षं झाली होती. एका दुपारी ओव्हर देता देता आमच्या इनचार्ज सिस्टरनी मला विचारलं, "तू पुढं का शिकत नाहीस?" ओव्हर देणं म्हणजे पाळी संपताना एकेका पेशंटची हकीकत सांगून वॉर्ड दुसऱ्या नर्सच्या ताब्यात देणं. त्या गडबडीत असा प्रश्न आल्यावर मला हसूच आलं. म्हटलं, "सिस्टर, चौतीस वर्षांची झाले मी. मुलगी तिसरीत आहे."

रजिस्टरमधून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मुलगी कितवीत आहे ते मी विचारलंच नाही."

दोन वर्षांनी त्या रिटायर होणार होत्या. त्यांना स्वतःला पदवी घ्यायची राहून गेली होती. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, वॉर्डातल्या मावशींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पर्समध्ये फॉर्म घालून ठेवला. नोकरीतल्या नर्सेससाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम होता. शनिवार-रविवारी मंचरला तास आणि बाकीचा अभ्यास घरी. फॉर्म चार दिवस पर्समध्येच राहिला. पाचव्या दिवशी मी तो पिंपळवंडीला आमच्या घरात जेवताना ताटाशेजारी ठेवला.

घरात आम्ही चौघं. नवरा शेती बघायचा आणि हंगामात पिकअप घेऊन नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवायचा. मुलगी शाळेत. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. उंच, काटक, पाठीचा कणा ताठ असलेली बाई. साठी उलटून गेली तरी खुरपायला बसली की तरण्या बायकांच्या एक सरी पुढं असायची.

मी फॉर्मचं सांगितलं. आत्या भाकरी मोडत म्हणाल्या, "अजून किती शिकायचं? सुया टोचायला येत्यात की तुला."

नवऱ्याने फॉर्म उलटून बघितला. मग म्हणाला, "शिक म्हणतो मी. पण शनवार-रविवार पोरीला कोण बघंल?"

"मी काय मेले व्हय?" आत्या म्हणाल्या. नवऱ्याला बोलल्या, पण बघितलं माझ्याकडं. "पण दोन येळच्या भाकरी माझ्याच्यानं व्हायच्या न्हाईत. आधीच सांगून ठिवते."

हा होकार होता की नकार, ते मला कळलं नाही. मी तो होकार धरला आणि फॉर्म भरला.

पहिलं वर्ष मला आता आठवतं ते बसच्या वासासकट. पिंपळवंडीहून जीपने नारायणगाव, तिथून जुन्नरची एसटी. सकाळच्या पाळीला बसायला जागा मिळायची, दुपारच्या पाळीला उभं राहावं लागायचं. पुस्तक एका हातात, वरचा दांडा दुसऱ्या हातात. शाळा मराठी माध्यमातली, नर्सिंगचा पहिला कोर्सही मराठी-इंग्रजीची भेसळ करत केलेला. आता पुस्तकं अख्खी इंग्रजीत होती. एकेक ओळ दोनदा वाचायची, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि वॉर्डात पोचल्यावर डॉक्टरांना विचारायचं. एक कंडक्टर नेहमीचे होते. तिकीट देताना म्हणायचे, "सिस्टर, आज कितवा धडा?" मी म्हणायचे, "कालचाच."

मंचरच्या वर्गात आम्ही बाविसेक जणी होतो, खेड, शिरूर, आंबेगाव असल्या तालुक्यांतल्या. घोडेगावची एक जण चार महिन्यांचं बाळ घेऊन यायची. तिची आई बाळाला घेऊन व्हरांड्यात बसायची आणि बाळ रडलं की शिकवणाऱ्या मॅडम स्वतःच थांबायच्या, "जा, पाजून ये" म्हणायच्या. माझं माहेरही घोडेगावचंच, त्यामुळं तिचं माझं जमलं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की वर्गात मेथी, शेंगदाण्याची चटणी, खारातल्या मिरच्या असा सगळा वास एकदम सुटायचा. दहा-दहा वर्षं नोकरी केलेल्या बायका आम्ही, पण डब्यातलं ओढून खाताना शाळेतल्या मुलींसारख्या भांडायचो. आठवड्यातले तेच दोन दिवस मला कुणी "सिस्टर" म्हणून हाक मारायचं नाही.

घरात मात्र काहीतरी सुटत चाललं होतं. ते माझ्या लक्षात येत होतं आणि मी त्याकडं बघत नव्हते. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, तिचा नाच होता. माझी दुपारची पाळी बदलून मिळाली नाही. आदल्या दिवशी तिने मला विचारलंच नाही, तू येणार का म्हणून. तिने विचारलं, "पप्पा नक्की येणार ना?" आत्या शेजारणीला अंगणातून ओरडून सांगायच्या, "आमची सून कालिजात हाय. घरी नुस्ती वस्तीला येती." मला ऐकू जाईल अशाच आवाजात. मी पुस्तकातली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचे.

नवरा भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकऱ्या काठाला जाड आणि मध्ये फाटलेल्या व्हायच्या. आत्या त्या खायच्या, पण प्रत्येक वेळी उलटून सुलटून बघून मगच. पोराने चुलीशी बसावं हे त्यांना आवडत नव्हतं, आणि त्या बाबतीत त्या मला एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात माझी परीक्षा होती. जुन्नरकडची थंडी त्या वर्षी जरा जास्तच होती. कांद्याची खुरपणी चालू होती आणि आत्या रोज रानात जात होत्या. पायात त्यांनी माझे जुने लोकरीचे मोजे घातले होते. थंडी म्हणून घातले असतील असंच मला वाटलं. तीन-चार दिवस त्यांनी ते काढले नाहीत, तेही मी बघितलं, आणि बघून विसरले. पहिला पेपर दोन दिवसांवर होता.

त्या दुपारी मी सकाळची पाळी करून घरी आले होते आणि खोलीत वाचत बसले होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मम्मी, आजीच्या पायाला वास येतोय."

मी उठून बाहेर गेले. आत्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी खाली बसले आणि डावा मोजा काढायला लागले. तो जखमेला चिकटला होता. कोमट पाणी आणून भिजवून काढावा लागला. आत फडकं, फडक्यात हळद, आणि त्याखाली करंगळीशेजारचं बोट काळंनिळं. पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं, लाल आणि गरम. आठ दिवसांपूर्वी खुरपं लागलं होतं. त्यांना शुगर होती, गोळ्या मीच आणून द्यायचे. शुगर असलेल्या माणसाचा पाय रोज बघायचा असतो, हे मी वॉर्डात दिवसातून दहा जणींना सांगत होते.

"आत्या, मला का नाही सांगितलं?"

त्या चिडल्या नव्हत्या. साध्या आवाजात म्हणाल्या, "तू कवा घरात असतीस दाखवायला?"

मी उठले. नवऱ्याला फोन केला, त्याने पिकअप आणली आणि आम्ही त्यांना जुन्नरला घेऊन गेलो. माझ्याच वॉर्डात, सात नंबरच्या कॉटवर.

डॉक्टरांनी पाय बघितला, शुगर बघितली आणि म्हणाले, पाय वाचेल, बोटाचं सांगता येत नाही. इनचार्ज सिस्टरनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "ड्यूटीवर असताना ती तुझी सासू नाही. सात नंबरची पेशंट आहे. जमेल? नाहीतर दुसऱ्या वॉर्डात टाकते तुला." मी म्हटलं, "जमेल." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ता रड. बाहेर गेल्यावर नाही." मी रडले नाही. हात धुतले आणि बाहेर आले.

पहिला पेपर मी दिला. नवऱ्याने जवळजवळ ढकलूनच मंचरला पाठवलं. काय लिहिलं ते त्या दिवशीही मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या पेपरच्या दिवशी सकाळी आत्यांचं ते बोट काढायचं ठरलं. नवरा म्हणाला, "मी आहे ना इथं, तू जा." मी बसस्टँडपर्यंत गेले. मंचरची गाडी लागलेली होती. मी तिच्या पायरीपाशी उभी राहिले, आणि गाडी गेल्यावर परत रुग्णालयात आले. त्या वेळी मी काय विचार केला होता ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच केला नव्हता.

आत्यांना ते चौथ्या दिवशी कळलं. नवऱ्याच्या तोंडून निसटलं. मी सलाईन बघायला कॉटपाशी गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"पेपराला गेली न्हाईस?"

"नाही."

"माझ्या एका बोटापायी वरीस घालवलंस व्हय?"

"एकच पेपर राहिला, आत्या. सहा महिन्यांनी देता येतो."

"लई शानी हायेस," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. इतका राग त्यांना मी कॉलेजात नाव घातलं तेव्हाही आला नव्हता.

त्या पंधरा दिवस वॉर्डात होत्या. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण मी नेमकं काय काम करते हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. कॉटवर पडल्यापडल्या दुसरं करायचं तरी काय? त्या बघत राहायच्या. आठ नंबरच्या कॉटवर घाटघरची एक बाई होती. पेंढ्याचा भारा घेऊन उतारावरून येताना घसरली होती, उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला. तिच्या घरचं एखादं माणूस तीन दिवसांआड यायचं. तेवढ्या लांबून रोज येणार कसं? तिला केस विंचरता येईनात आणि जटा झाल्या म्हणून ती लाजून पदर डोक्यावरून काढत नव्हती. एका दुपारी काम हलकं होतं. मी तिला स्टुलावर बसवलं, खोबरेल तेल लावलं आणि हळूहळू गुंता सोडवत वेणी घातली. अर्धा तास लागला. ती डोळे मिटून बसली होती.

वेणी झाल्यावर मी हात पुसत सात नंबरपाशी आले. आत्या म्हणाल्या, "हे बी शिकवत्यात का कालिजात?"

"हो. पहिल्याच वर्षी."

"आन् मगाशी तो माणूस तुला एवढं बोलला, तू हूं का चूं केलं न्हाईस."

सकाळी एका पेशंटच्या नातेवाइकाने आवाज चढवला होता. मी तर विसरूनही गेले होते. म्हटलं, "त्याची बायको आजारी आहे, आत्या. तो घाबरला होता."

त्यांनी उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "हितं तू समद्यांशी लई बोलतीस. घरी का बोलत न्हाईस?"

मी त्यांच्या कॉटच्या कडेला टेकले. ड्यूटीवर असं बसायचं नसतं. म्हटलं, "घरी येईपर्यंत बोलायचं संपून जातं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून घाटघरच्या बाईला आमच्या डब्यातली भाजी जाऊ लागली. नवरा डबा घेऊन आला की आत्या आधी विचारायच्या, "तिच्यापुरतं आणलंस का?"

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी ड्रेसिंग करताना त्यांनी मला विचारलं, "माझं बोट काळं का पडलं? तुमी समदे विंग्रजीत बोलता. मला समजंल असं सांग."

मी सुरुवात केली आणि अडखळले. सगळे शब्द इंग्रजीतच येत होते. मग मी थांबले, जरा विचार केला आणि म्हटलं, "आत्या, आपण कांद्याला पाटानं पाणी देतो ना, तसं रक्त सगळ्या अंगात फिरतं. शुगर वाढली की पाटात गाळ बसत जातो."

"हां."

"पायाची बोटं सगळ्यात लांब."

"म्हंजी शेवटच्या वाफ्याला पानी पोचलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"तेच. आणि त्याच शुगरनं तिथल्या नसा मेल्यासारख्या होतात. खुरपं लागलं तरी दुखलं नाही तुम्हाला."

"न्हाईच दुखलं. मला वाटलं, बरंय, लई लागलं नसंल." त्यांनी पायाकडं बघितलं. "दुखलं असतं तर सांगितलं असतं की तुला."

तो धडा माझ्या न दिलेल्या पेपरातला होता. मी तो चार वेळा वाचला होता. त्या दुपारी तो मला पहिल्यांदा नीट समजला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी त्यांना दोन महिने रानात जायला मनाई केली. ज्या बाईने उभा जन्म वाकून काम करण्यात घालवला, तिला ओट्यावर बसून लसूण निवडायला लावलं तर ती किती वेळ बसेल? त्या मुलीवर ओरडायच्या, कुत्र्यावर ओरडायच्या. सकाळची पाळी असली की मी चारच्या सुमाराला घरी पोचायचे. एक दिवस चहा घेऊन मी खोलीकडं निघाले तर त्या म्हणाल्या, "हितंच बस की वाचत. म्या काय बोलत न्हाई."

मी बसले. पाच मिनिटं झाली असतील.

"काय लिवलंय त्यात?"

तेव्हापासून ते सुरू झालं. मी एक पान वाचायचे आणि त्यांना मराठीत सांगायचे. त्यांना पटेपर्यंत पुढं जाता यायचं नाही, कारण त्या जाऊ द्यायच्याच नाहीत. मूत्रपिंडाचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी ठिबकचा फिल्टर." दम्याचं सांगितलं तर शेजारच्या म्हातारीचं नाव काढून, "मग तिला चुलीपाशी का बसिवत्यात?" असं मलाच फैलावर घेतलं. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आमच्यात यायची. माझ्या वहीतले प्रश्न ती इंग्रजीत वाचायची, मी उत्तर द्यायचे आणि आजी निकाल द्यायची, "आडखळली. परत इचार." नवरा रानातून येऊन हातपाय धुताना हे ऐकायचा आणि हसायचा. त्या वर्षातलं आमच्या घरातलं सगळ्यात जास्त बोलणं त्या ओट्यावर झालं असेल. समोर कांदा, पलीकडं ऊस, ऊन उतरत चाललेलं. बिबट्याच्या भीतीने दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या घरात जायचे, म्हणून आमचा वर्ग बरोबर त्याच्या आधी सुटायचा.

जूनमध्ये मी राहिलेला पेपर दिला आणि सुटले. तिसऱ्या वर्षाला बाळंतपण आणि नवजात बालकं हा विषय होता. बाळंतपणाच्या धड्यात आत्याच मला दुरुस्त करायच्या. "पुस्तकात लिवणाऱ्याला पोर झालं न्हाई वाटतं," असंही एकदा म्हणाल्या. त्यांची तीन बाळंतपणं याच घरात झाली होती. माझा नवरा दुसरा, त्याच्या पाठची नणंद. पहिला मुलगा गेला होता, एवढंच मला माहीत होतं. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

त्या दिवशी मी नवजात बाळाच्या धनुर्वाताचं वाचत होते. आता तो आजार क्वचितच दिसतो, गरोदरपणात टीटीची सुई देतात म्हणून, असं सांगत मी लक्षणं सांगायला लागले. बाळ जन्मतं तेव्हा चांगलं असतं, रडतं, दूध पितं. चार-सहा दिवसांनी त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही. मग आचके यायला लागतात, अंग ताठ होतं.

लसूण सोलणारे आत्यांचे हात थांबले.

"धनुकलीवानी वाकतं," त्या म्हणाल्या.

मी पुस्तकातून वर बघितलं.

"आठव्या दिशी गेला तो. आदुगर चांगला प्यायचा. मग तोंडच उघडंना." त्या अंगणाकडं बघत होत्या. "कशानं व्हतं ते?"

मी सांगितलं. हळूहळू, जमेल तितकं साधं. नाळ कापायला विळा किंवा असंच काही घेतलेलं असतं, त्याला माती-शेण लागलेलं असतं. त्यातून जंतू आत जातात. त्या काळात खूप बाळं अशी गेली, सगळ्या गावांत.

"विळाच व्हता," त्या म्हणाल्या.  मुलीने मांडीवरची प्रश्नांची वही मिटली. मग आत्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या दुधात काय न्हवतं?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही.

"माझी सासू म्हनायची, तुझं दूधच नासकं. त्यानंच पोर गेलं. ह्याच्या येळंला मला पाजू देईना. शेजारणीकडून पाजून घेतलं त्याला म्हैनाभर. मी लपून पाजायची." त्यांनी माझ्या नवऱ्याच्या रिकाम्या चपलांकडं हात केला. "पाजायची आन् भ्यायची."

"तुमच्या दुधात काही नव्हतं, आत्या. त्याचा दुधाशी काहीच संबंध नव्हता."

"पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय."

"कुठं?"

मी पुस्तक त्यांच्यापुढं धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेलं मराठीही त्या अक्षर लावून वाचायच्या. तरी त्या त्या ओळीकडं बघत राहिल्या, अगदी सावकाश, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग पदराने चेहरा पुसला आणि मला म्हणाल्या, "फुडचं वाच."

मी पुढचं वाचलं.  त्यांनी उरलेला लसूण सोलून संपवला, सालं सुपात गोळा केली आणि उठून आत गेल्या. त्या आठवड्यात कधीतरी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं असावं. तो एका सकाळी रानात जायच्या आधी त्यांच्यापाशी उगाचच जरा वेळ बसला होता. काय बोलले ते मी विचारलं नाही.

शेवटच्या परीक्षेचा निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी जुन्नरच्या बसस्टँडवर होते. मला पहिला वर्ग होता. मी आधी इनचार्ज सिस्टरना फोन केला. त्या रिटायर होऊन आपल्या गावी गेल्या होत्या. म्हणाल्या, "आता ओव्हर नीट द्यायला शिक," आणि फोनवरच रडायला लागल्या. वॉर्डात दहा वर्षं मी त्यांचे डोळे ओले झालेले बघितले नव्हते. नवऱ्याने मार्केटमध्ये पेढे वाटले. मी घरी पोचले तर आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कपाळाशी मोडली.

"मग आता संपलं का समदं शिकायचं?"

"संपलं, आत्या."

"परत न्हाई का कायी?"

"नाही."

त्यांनी जरा विचार केला. "मग आता दिवस मावळंस्तोवर काय करायचं?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या. आणि मग माझ्याही लक्षात आलं, की मला त्याचं उत्तर माहीत नाही.

पहिले काही दिवस आम्ही नुसत्याच बसलो. मग हळूहळू त्याच बोलायला लागल्या. आजवर मी सांगत होते आणि त्या विचारत होत्या, आता उलटं झालं. लग्न होऊन पिंपळवंडीला आल्या तेव्हा रानात काय पिकायचं, दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कुणाच्या गाण्याला कोण साथ करायचं, सासूच्या नजरेआड माहेरचा निरोप कसा पोचायचा. पहिल्या मुलाचं नाव काय ठेवायचं ठरलं होतं, हेही एकदा सांगितलं. ते नाव त्या आधी कुणाला बोलल्या नव्हत्या. कांद्याचं रोप कोणत्या दिवसांत टाकावं ते मला पाठ होईपर्यंत घोटून घेतलं. पाय मी रोज बघायचे, दोन्ही, बोटांच्या बेचक्यांसकट. त्याही न सांगता पुढं करायच्या.

अशी चार वर्षं मिळाली. मग एका सकाळी त्या चहा घेता घेता गेल्या, फार त्रास न होता.

मी आता घोडेगावच्या रुग्णालयात आहे, बदली होऊन तीन वर्षं झाली; पिंपळवंडीहूनच जाऊन-येऊन करते. नव्या मुलींना काम शिकवायचं माझ्याकडंच आहे. मुलगी पुण्याला कॉमर्स शिकते. तिला रक्त बघवत नाही. सकाळची पाळी असली की मी अजून चार-साडेचारपर्यंत घरी पोचते आणि चहा ओट्यावरच घेते. नवरा रानात असतो. आत्यांनी सांगितलेल्या त्या गोष्टींपैकी निम्म्या तरी मी विसरले. खडीच्या कामावरचं एक गाणं होतं, त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं होतं. मला त्याची चाल येते. शब्द नाही येत.